सतरा होकार, दोन नकार

नॉर्बी फॉल्स, मिनेसोटा
फेब्रुवारीचा पहिला रविवार

तीर्थस्वरूप टोंगमामांना पाओझेचा गुडघे टेकून नमस्कार. (खरोखरच टेकले आहेत. जेवणाच्या टेबलावर आईने चिकट भात गार करायला पसरलाय, म्हणून सोफ्यावर वही ठेवून जमिनीवर बसून लिहितोय.) तुमचा गुडघा थंडीत अजून कुरकुरतो का? मामींचा खोकला गेला का? आईने पाठवलेला औषधी मुळ्यांचा काढा मामी पितात की कुंडीत ओततात? कुंडीतलं झाड टवटवीत असेल तर उत्तर द्यायची गरज नाही, आम्ही समजून घेऊ.

मामा, आभार आधीच मानून टाकतो, कारण एकदा लिहायला लागलो की माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गेल्या महिन्यात मी तुम्हाला फोन करून ओरडलो होतो, की चारही मामेभावांना गाडीत कोंबा आणि आत्ताच्या आत्ता इकडे या, एका माणसाचे दात पाडायचेत. तुम्ही म्हणालात, "गाढवा, रस्त्यावर दोन फूट बर्फ आहे आणि माझ्या डोक्यात अजून थोडी अक्कल आहे. फोन ठेव, भात खा." तुम्ही आला नाहीत त्याबद्दल मी तुमचा जन्मभर ऋणी राहीन. भात मात्र त्या दिवशी खाल्ला नव्हता. तो राग वेगळा.

दात कोणाचे आणि कशासाठी, हे तेव्हा धड सांगितलं नव्हतं. इथलं आग विझवणारं बंबखातं गावकऱ्यांचंच आहे, बिनपगारी. भोंगा वाजला की न्हावी अर्धं डोकं तसंच ठेवून पळतो आणि उरलेल्या अर्ध्याचा मालकही त्याच्यामागून पळतो, कारण तोही बंबवाला. नवीन माणूस घ्यायचा तर सगळे गुप्त चिठ्ठ्या टाकतात, आणि तिघांपैकी दोघांचा तरी होकार लागतो. मी अर्ज केला होता. कारणाच्या रकान्यात मी 'लोकसेवा' असं लिहिलं. खरं कारण क्रिस्टन होव्हलँड. ती दिवसा शाळेची बस चालवते आणि आग लागली की बंब. (तिला गाडी मागे घेताना पाहा एकदा, मामा. तो अजस्र लाल बंब ती टोपलीत अंडं ठेवावं तसा आत ठेवते.) मी टायरच्या दुकानात कामाला आहे, आणि तिच्या गाडीच्या चाकातली हवा दर शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास कमी होते. चारही व्हॉल्व्ह बदलले, तरी होतेच. मी छडा लावणार आहे.

मी विचार असा केला होता, की कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाकडे क्रिस्टनचे वडील कशाला बघतील? पण बंबखात्याचा कोट अंगावर असला तर गोष्ट निराळी. (कॉलेजचा विषय निघालाच म्हणून सांगतो: वर्गातल्या एका पोराने बोटांनी डोळे ताणून माझी नक्कल केली, मी त्याच्या डोक्यावर त्याचंच सूप ओतलं. कॉलेज म्हणालं, माफी माग. मी म्हटलं, आधी त्याने. ते म्हणाले, त्याने फक्त गंमत केली. मग मी गंमत म्हणून घरी आलो.) थोडक्यात, मत मिळालं तर क्रिस्टन, नाही मिळालं तर चार व्हॉल्व्ह. एवढं सगळं त्या चिठ्ठ्यांवर टांगलेलं होतं.

आणि मतदानाला दोन आठवडे उरले असताना डेल रास्कचं बर्फ उडवायचं यंत्र नाहीसं झालं.

हा डेल रास्क आमच्या समोरच राहतो आणि बंबखात्यात वीस वर्षं आहे. दुकानात गाडी घेऊन आला की माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारतो, "दुसरं कोणी आहे का?" जणू चार बोल्ट पिळायला वेगळ्या आकाराचे डोळे लागतात. एकदा म्हणाला, "तू मूळचा कुठला रे?" म्हटलं, इथल्याच सेंट पॉल शहराचा. "तसं नाही, त्याच्या आधी?" म्हटलं, आईच्या पोटात. तेव्हापासून आमचं बोलणं संपलं. आजोबांनी लाओसमधल्या आपल्या डोंगरात अमेरिकेच्या बाजूने लढताना, म्हणजे याच्याच देशासाठी, गोळी खाल्ली, हे मी त्याला सांगणार होतो, पण मालक म्हणाला, गिऱ्हाईक आहे, हवा भर. भरली.

तर हा माणूस रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला उभा राहून चारचौघांत म्हणाला, "मी कोणाचं नाव घेत नाही. पण समोर ते लोक राहायला आल्यापासून मी गॅरेजला कुलूप लावायला लागलोय." मामा, आम्हाला इथे येऊन दोन वर्षं झाली. बाबा रोज पहाटे टर्कीच्या मांसाच्या कारखान्यात जातात, आई कोणाच्या कुंपणावरची मिरचीसुद्धा विचारल्याशिवाय तोडत नाही. सोमवारी सकाळी शेरीफचा हवालदार दारात. अगदी नम्र. "आरोप नाही हं, सहज विचारायला आलोय, गॅरेज बघितलं तर चालेल का?" मागे रस्त्यावर डेल आपल्या गाडीला टेकून उभा. आई माझ्यामागे उभी राहून एकच विचारत होती, "काय म्हणतात ते? काय म्हणतात?" आणि मला ते आईला आपल्या भाषेत सांगता येईना. शब्द येत नव्हते असं नाही. येत होते.

तुम्हाला फोन केला तो तेव्हाच, हवालदार गॅरेजमध्ये वाकून बघत असताना.

फोन ठेवला, मुठी वळल्या, आणि पायरी उतरणार तेवढ्यात शेजारच्या एंगेनबाई बर्फातून घरातल्या सपाता घालूनच आल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता शेवटचा खिळा. कारण या बाईंबद्दल माझी खात्री होती. वय एक्याऐंशी. दोन वर्षं रोज आपल्या खिडकीतून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे टक लावून बघायच्या. आई भेटली की तोंड गोड करून विचारायच्या, "मग, काय शिजतंय हल्ली? कशात शिजवता?" आई हसून मान हलवायची. मी जळायचो. गावात आमच्याविषयी जे काही बोललं जातं त्याचा कारखाना याच घरात आहे, हे मी ठरवूनच टाकलं होतं. (तरी शनिवारी त्यांच्या दारातला बर्फ मी फावड्याने काढला होता. प्रेमाने नव्हे. आईने त्याच फावड्याचा धाक दाखवला म्हणून.)

एंगेनबाई हवालदाराला म्हणाल्या, "टिमी, टोपी काढ. चर्चच्या रविवारच्या शाळेत तीन वर्षं शिकवलंय मी तुला." टिमीने टोपी काढली. "या घरात यंत्रबिंत्र काही नाही. शनिवारी हा पोरगा दिवसभर फावड्याने बर्फ ओढत होता. आधी यांचं दार, मग माझं. यंत्र असतं तर कोणी आपली पाठ मोडून घेईल का? चोर असेल, नसेल, पण इतका मूर्ख दिसत नाही."

टिमी म्हणाला, "आजी, तुम्हाला एवढं खात्रीने कसं ठाऊक?"

"दोन वर्षं मी रोज या घराकडे बघतेय. यांच्याकडे काय येतं, काय जातं, सगळं ठाऊक आहे मला."

"पण दोन वर्षं का बघताय?"

बाई कानापर्यंत लाल झाल्या. थंडीने म्हणावं तर थंडी पहिल्यापासूनच होती. मग हळूच म्हणाल्या, "माझं भांडं आहे तिथे."

मामा, भांडं कुठलं ते तुम्हालाही ठाऊक आहे. वेडगळ वाटावी अशी ही गोष्ट आहे, पण ऐका. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी या बाईंनी एका निळ्या भांड्यात खिमा-बटाटे भाजून आणून दिले होते. आईला केवढा आनंद झाला! आता आपल्यात कोणी घरात पाऊल ठेवताना भेट दिली, तर ती परत करायची म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावायचं. म्हणून आईने भांडं मानाने खिडकीत ठेवलं, त्यात माती भरली आणि बाळंतिणीच्या कोंबडीच्या रश्श्यात घालायचा पाला लावला. तुम्ही आलात तेव्हा आईने कौतुकाने तुम्हालाही दाखवलं होतं. बुडाला चिकटपट्टीवर 'आर्डिस' असं लिहिलेलं होतं, ते मी वाचून दाखवलं, आणि आम्ही मायलेकांनी ठरवलं की चांगल्या कंपनीचं भांडं आहे. पुढे आई सगळ्यांना सांगायची, आर्डिसचं आहे हो, वर्षानुवर्षं टिकतं.

आर्डिस हे एंगेनबाईंचं नाव. इथे रीत अशी, की भांडं कोणाचं ते बुडाला लिहायचं, कारण ते परत यायचं असतं, आणि तेही रिकामं नाही. आणि दुसरी रीत अशी, की आपलं भांडं परत मागायचं नाही. मेलं तरी मागायचं नाही. फक्त विचारायचं, कशात शिजवता हल्ली. म्हणजे आम्ही भेटीचा मान राखत होतो, त्या स्वतःची लाज राखत होत्या, आणि मधल्या मध्ये त्यांच्या आईच्या वेळच्या भांड्यात पाला वाढत होता.

मी आईला सगळं समजावलं. आईचा चेहरा... मामा, तुमची बहीण आहे, तुम्हीच कल्पना करा. पाला उपटून बादलीत, भांडं तीनदा घासून लख्ख, आणि तासाभरात त्यात भाजी-मांस भरून तळलेल्या साठ गुंडाळ्या रचून आम्ही दोघं शेजारच्या दारात. एंगेनबाई म्हणाल्या, "अगं, एवढी काय घाई होती!" (दोन वर्षं!) मग खुर्ची ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, मी विणकाम मंडळात अकरा बायकांना सांगितलंय की हे लोक भांडी परत करत नाहीत. आता मला अकरा घरी जाऊन सांगावं लागणार." आई म्हणाली, "जाऊ दे म्हणावं, बर्फ आहे." बाई म्हणाल्या, "नाही. जिभेने केलं ते पायांनी निस्तरायचं." आणि खरंच गेल्या, मामा! मीच गाडीतून फिरवलं. प्रत्येक दारात उभ्या राहून सांगितलं, मी चुकीचं बोलले. नवव्या घरी तर त्या बाईला मूळ गोष्टच आठवत नव्हती, तिला आधी ती आठवण करून दिली आणि मग खोडून काढली. आयुष्यात मला 'गंमत केली' म्हणणारे पुष्कळ भेटले. असं दारोदार जाणारी पहिलीच. मी गाडीत बसून नाक पुसत होतो. सर्दी होती म्हणा.

भांडं आता दर दोन दिवसांनी इकडून तिकडे भरून जातं आणि तिकडून इकडे भरून येतं. थांबवायचं कसं ते दोन्ही घरांना कळत नाही. बाबांचं वजन वाढलंय.

यंत्राचं म्हणाल तर ते चार दिवसांनी डेलच्या मेहुण्याच्या शेडमध्ये सापडलं. न विचारता नेलं होतं. डेल रस्त्यात भेटला तेव्हा मी एंगेनबाईंच्या पिशव्या उचलून चाललो होतो. माफी वगैरे नाही. हात खिशात घालून म्हणाला, "आता तुम्हीच सांगा, कोणालाही तसंच वाटलं असतं." मी पिशव्या खाली ठेवल्या. बाईंनी माझ्या जॅकेटची बाही धरली. "उचल त्या. तुला मत हवंय ना?" आणि त्याला म्हणाल्या, "मला नाही वाटलं, डेल. आणि मी तर यांना भांडेचोर समजत होते."

मामा, त्या क्षणी तुमचे चारही मुलगे माझ्यामागे उभे असते तर ते वाक्य बोललंच गेलं नसतं. म्हणून म्हणतो, तुम्ही आला नाहीत हे तुमचे उपकार.

गुरुवारी मतदान झालं. सतरा होकार, दोन नकार. मला घेतलं! कोट मिळाला, टोप मिळाला, भिंतीवर माझ्या नावाची खुंटी आहे, आणि नाव बरोबर लिहिलंय. घरी येऊन आईला कोट घातला तर ती त्यात दिसेनाशीच झाली. पण तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. सतरा विसरलो आणि दोन धरून बसलो. पहिला नकार कोणाचा हे सांगायला ज्योतिषी नको. दुसरा कोणाचा? तीन दिवस मी एकेकाचे चेहरे वाचत हिंडलो. न्हाव्याकडे अर्धे केस कापून झाल्यावर संशय आला आणि तसाच उठून आलो. क्रिस्टनला म्हटलं, जो कोणी आहे तो समोर 'या, या' करतो आणि चिठ्ठीत नाही लिहितो, असल्यांपेक्षा डेल बरा. ती टायरला लाथ मारून निघून गेली.

असो. सगळं क्षेम आहे. मामींना नमस्कार, मामेभावांना टपल्या.

तुमचा आज्ञाधारक (गेल्या महिन्यापासून) भाचा,
पाओझे मुआ

ता. क. (सोमवारी लिहितोय, पत्र अजून टाकलेलं नाही.) दुसरा नकार क्रिस्टनचा होता. काल संध्याकाळी तिनेच सांगितलं. मी डोक्यात राख घालून ओरडणार, तेवढ्यात तिने खात्याची नियमांची चोपडी माझ्या छातीवर आपटली आणि म्हणाली, "अकरावा वाच, टोणग्या." अकरावा नियम असा: नवराबायको किंवा लग्न ठरलेली जोडी यांनी एकाच बंबावर काम करू नये. मी तो चार वेळा वाचला. तोवर तिचे कान एंगेनबाईंसारखे झाले होते. आता मी आत आलोच आहे, तर ती रुग्णवाहिकेवर बदली मागणार आहे.

ता. क. २. तेव्हा मामा, आता मात्र या. मागणी घालायला जाणाऱ्याच्या हातात असते ती काळी छत्री घेऊन या, आपल्या रीतीप्रमाणे, आणि होव्हलँडांच्या दारी बोलणी करायला उभे राहा. तिच्या वडिलांना छत्रीचं मी सांगून ठेवलंय; ते म्हणाले, पाऊस नाही तरी चालेल. सगळं ठरल्यासारखंच आहे, फक्त एक बारीक काम उरलंय. आईला अजून सांगितलेलं नाही. ती नाही म्हणेल. तुमची थोरली बहीण आहे, तुम्हीच सांगा, आणि ती नाही म्हणाली की लगेच उठून जाऊ नका, बसा, आणि का म्हणून विचारा. मी ते विचारायला कालच शिकलोय, मला अजून सराव नाही.