खोटी टाकी

३ एप्रिल

आज पुन्हा खोटी टाकी! सकाळी खोटी, जेवल्यावर खोटी. शेडमध्ये उभी केलेली लोखंडी नक्कल – खऱ्या वाफेच्या टाकीएवढीच, तेवढंच अरुंद भोक, तेच बोल्ट. फक्त आत किरणोत्सर्ग नाही. भोकातून अंग सारायचं, नळाच्या तोंडावर घडीचं झाकण बसवायचं, आवळायचं, बाहेर यायचं. की पुन्हा.

टोळीत मीच सगळ्यात बारीक. आदेलिनूचं पोट अडतं, मुकादमाचे खांदे घासतात. मी बांगड्यासारखा सुळकन आत!

मुकादम घड्याळ बघतो. "ठीक आहे. पुन्हा."

ठीक म्हणे! त्याच्या तोंडून 'बरं झालं' निघायला काय अणुभट्टी बंद करावी लागते?

५ एप्रिल

काल भट्टी बंद झाली. शटडाऊन सुरू. गावाबाहेरचं मैदान आमच्या कॅरॅव्हॅननी भरून गेलंय. एका भट्टीचं इंधन बदललं की दुसऱ्या गावाला, तिथून तिसऱ्या. वारा असा सुटलाय की बिछाना रात्रभर हिंदकळतो. बापाच्या होडीतसुद्धा इतका हिंदकळलो नाही. तिच्यावरून तर त्याने मला उतरवूनच दिलं. "तुझ्याच्याने काही तडीस जात नाही." शाळा अर्धी, बेकरी अर्धी, होडी अर्धी. मोजून दाखवलं होतं सगळ्यांसमोर, धक्क्यावर.

बघूच.

इथे खऱ्या टाकीत जाऊन आलेला माणूस म्हणजे माणूस. न गेलेला नुसता मदतनीस – नळी धर, पोशाख उतरव, फरशी पूस. दीड वर्ष पुसतोय.

प्लॅनिंगच्या खोलीत भिंतभर तक्ता आहे. मादाम वासर तिथे बसतात, सगळी आखणी त्यांची. कोणतं काम कधी, कोणानंतर कोण, सगळ्या रंगीत पट्ट्या. झाकणं बसवायच्या पट्टीवर तीन नावं – मुकादम आन्सेल्म, आदेलिनू आणि तिसरं माझं. गुल्वेन! किती तरी वेळ बघत उभा होतो. मादाम म्हणाल्या, "काही हवंय का?" म्हटलं, नाही, मिळालं.

८ एप्रिल

उद्या झाकणं. ती बसली की वरचा हौद पाण्याने भरणार, मग इंधन बाहेर काढणार. म्हणजे उद्या एवढं मोठं धूड आमच्यासाठी खोळंबलेलं!

संध्याकाळी आदेलिनूने सार्डीन भाजले. मला शिकवतो – मला, ब्रेतों कोळ्याच्या पोराला! "शेपटाकडून उलट, ब्रेतों, शेपटाकडून." मी म्हटलं, तुम्हा पोर्तुगीजांना मासा दिसला की जाळायचाच असतो. तो हसला. मग त्याने तिन्ही पोरांचे फोटो दाखवले. परत. धाकटीचे दात पडलेत.

मुकादम आला नाही. आपल्या कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसून सूप पीत होता. उन्हाळ्यात निवृत्त होतोय. तीस-एक वर्षं टाक्यांत वाकून वाकून पाठ कोयत्यासारखी झालीय.

झोप येत नाहीये. येऊ नये. उद्या मी आत!

९ एप्रिल

नाही पाठवलं!!

पोशाख चढवला होता. हवेची नळी लावली होती. आदेलिनू जाऊन आला. माझी पाळी. पुढे झालो तर मुकादमाने खांद्यावर हात ठेवला. "तू नळी धर." आणि माझ्या जागी स्वतः शिरला! आधी एकदा जाऊन आला होता, तरी परत. म्हातारा भोकात अडकला, कण्हला, खांदे तिरके करून शिरला. मी बाहेर. त्याची नळी धरून. कुत्र्याची साखळी धरल्यासारखी.

बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता.  बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

संध्याकाळी स्वतः माझ्याकडे आला. "आज यंत्र काय म्हणतं?" किरणोत्सर्गाचा डोस मोजायचं यंत्र, आमच्या छातीवर लावलेलं असतं.

"शून्य," मी म्हटलं. "काय म्हणणार? नळी धरून काय डोस मिळतो?"

"छान," म्हणाला. आणि गेला.

छान??

१० एप्रिल

आजही नळी.

११ एप्रिल

झाकणं बसली सगळी. मुकादम चारदा आत, आदेलिनू दोनदा. मी – शून्य! छान!

आदेलिनूला विचारलं, म्हाताऱ्याचं माझ्याशी वाकडं काय आहे? तो म्हणाला, "अरे, तुला काय घाई? डोस म्हणजे पगार नाही, मिळाला तितका चांगला असं म्हणायला. बारा महिन्यांचा कोटा. संपला की बस घरी."

"माझा संपायला आधी सुरू तर होऊ दे!"

"सुखी आहेस लेका. मी इथेच अर्धा खाल्ला. नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडे अख्ख्या टाक्याच बदलणारेत, ते काम आपल्या नशिबात नाही. तिथे कोरी माणसं लागतात."

त्याचं काय जातं बोलायला! तो आत जाऊन आलाय. त्याला मदतनीस कोणी म्हणत नाही.

१४ एप्रिल

झाकणं बसली तरी खोटी टाकी सुटत नाही! मुकादम म्हणे, "बसवलेली काढायचीही असतात." बरं. काढली. बसवली. काढली. मग डाव्या हाताने. मग दिवा बंद करून.

आणि आज तर कहर. मला बाहेर उभं केलं, आदेलिनूला आत घातलं. "आता तू सांग. तो कुठे चुकतोय ते बघ आणि सांग. ओरडू नकोस, थोडक्यात सांग."

म्हणजे आता बाहेर उभं राहायचाही सराव! मी म्हटलं, "मुकादम, उभं राहायला मला येतं. आठवडाभर तेच करतोय."

आदेलिनू टाकीच्या आतून खदाखदा हसला. आवाज घुमला. म्हातारा हसला नाही. "पुन्हा," म्हणाला.

१५ एप्रिल

गेलो प्लॅनिंगच्या खोलीत. सरळ. दार न वाजवता.

मादाम वासर फोनवर होत्या. थांबलो. मग म्हटलं, "तक्त्यावर माझं नाव आहे की नाही?"

"आहे."

"मग मी आत का गेलो नाही?"

त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला. "तू गेला नाहीस? मग कोण गेलं?"

सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. "मी डोस तिघांत सारखा वाटला होता. एकट्याने घ्यायला नव्हता वाटला." मग म्हणाल्या, शुक्रवारी अर्ध्या कामाची आढावा बैठक आहे, तिथे बोल. "तिथे कोणाला दोष देत नाहीत. फक्त शिकायचं असतं."

मला दोषच द्यायचाय, बाई! पण नुसती मान हलवली.

१७ एप्रिल

बोललो!

लांब टेबल, कॉफी, गोड पाव. सगळ्या कंत्राटदारांची माणसं. मादाम एकेक विषय घेत होत्या – क्रेन कुठे थांबली, इंधनाची अदलाबदल कुठे रखडली, मचाण कोणी उशिरा बांधलं. सगळे कसे बोलतात – 'थोडी अडचण आली', 'सुधारणेला वाव आहे'. कोणी कोणाचं नाव घेत नाही. मग झाकणांचा विषय आला. मुकादम म्हणाला, "वेळेत झालं. सांगण्यासारखं काही नाही."

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली, पडू दे.

"मला आहे सांगण्यासारखं! तक्त्यावर माझं नाव होतं. सरावात मी सगळ्यांत जलद. आणि मला नळी धरायला लावलं. माझ्या पाळ्या ह्यांनी मारल्या. मुकादम, सगळ्यांसमोर विचारतो – का? मी बिनशिकलेला म्हणून? घाबरेन म्हणून? सांगा ना, का नाही पाठवलं?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मुकादम टेबलाकडे बघत होता. शेजारी आदेलिनू.  म्हातारा एवढंच म्हणाला, "मला तसं वाटलं."

मादामनी कंपनीच्या माणसाला मुकादमाचा डोस विचारला. कंपनीने स्वतःची म्हणून आखलेली जी मर्यादा आहे, तिच्या वर गेलाय. झालं. उद्यापासून आन्सेल्म रूबोला आत प्रवेश नाही. झाकणं काढायला गुल्वेन आणि आदेलिनू.

जिंकलो. जिंकलो! कोणाच्याही पाया न पडता. तोंडावर विचारून.

१८ एप्रिल

मैदानात कोणी बोलत नाही माझ्याशी. आदेलिनूने सार्डीन भाजले, मला बोलावलं नाही. मी टोमॅटोचा डबा फोडून खाल्ला. थंडच.

शेवटी तोच आला. "तीन महिने राहिले होते त्याचे. शेवटच्या शटडाऊनला माणसाला गेटबाहेर बसवलंस. बरं वाटतंय?"

"त्याने मला बसवलं तेव्हा तुला बरं वाटत होतं?"

गेला निघून. वाट्टेल ते म्हणा. मी खोटं एक अक्षर बोललो नाही.

२३ एप्रिल

उद्या झाकणं काढायची. इंधन बदलून झालं, हौद उपसला.

शेडमध्ये एकटाच सराव करत होतो. मागून आवाज आला – "उजवीकडचा खालचा बोल्ट अडेल. दम धर, हिसका देऊ नकोस." मुकादम. शेड आतल्या भागात येत नाही, तिथे त्याला बंदी नाही. मला वाटलं आता शिव्या घालणार. उलट खाली बसला, पाठीला हात लावून. खरी टाकी कशी असते ते सांगितलं – गरम, ओली, आवाज वेगळा. "डोक्यावर नळ्यांची तोंडं दिसतील, हजारो. बघत बसू नकोस. सगळे बघत बसतात."

मग म्हणाला, "एकदाच जा. बाकीचं आदेलिनूला करू दे. ऐकशील?"

अजूनही! अजूनही मलाच अडवतोय!

"नाही ऐकणार," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं.  मग गुडघ्यावर हात टेकून उठला.

२४ एप्रिल

गेलो!!

भोक. खांदे. आत. पोशाखात हवेचा सूं सूं आवाज, कानात आदेलिनू बोलतोय. डोक्यावर खरंच हजारो तोंडं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. बघितलं मी. क्षणभर बघितलंच. मग हात आपोआप चालायला लागले. डावा, वरचा, खालचा. उजवीकडचा खालचा अडला. दम धरला. सुटला. झाकण दुमडलं, बाहेर दिलं, मागोमाग मी.

खोट्या टाकीतल्यापेक्षा जलद!

आदेलिनू पुढे झाला. मी म्हटलं, थांब, पुढचंही मीच. तो म्हणाला, "वेडा आहेस का?" म्हटलं, तू दोनदा गेलायस, माझे दोन बाकी आहेत. गेलो. मग तिसरं. तेही मी! आता नळी त्याच्या हातात! उरलेली त्याला सोडली.

संध्याकाळी यंत्र काय म्हणतं ते विचारायला कोणी आलं नाही. शून्य नाही. अजिबात शून्य नाही!

२५ एप्रिल

घरी फोन केला. बापाने उचलला. सांगितलं सगळं – खरी टाकी, तीन वेळा, सगळ्यात जलद. तडीस नेलं म्हटलं.

तो मग म्हणाला, "तुझी आई बाहेर गेलीय. आली की सांगतो."

सांग. नाहीतर नको सांगूस.

३० एप्रिल

भट्टी सुरू झाली. शेवटची आढावा बैठक. मादाम वासरनी माझ्याशी हात मिळवला. तक्ता उतरवत होत्या, माझ्या नावाची पट्टी मागून घेतली. खिशात आहे.

मैदान निम्मं रिकामं. मुकादम सकाळीच गेला म्हणे. निरोपाची दारू नाही, काही नाही. मी झोपलो होतो.

४ मे

कंपनीतून फोन. नोव्हेंबरच्या मोठ्या कामावर टोळीप्रमुख म्हणून माझं नाव होतं! आन्सेल्म रूबोने जानेवारीतच घालून ठेवलं होतं. अट एकच – तोवर डोस कोरा हवा. आता दुसरा माणूस शोधतायत.

मुकादमाच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. कॅरॅव्हॅनएवढं चौकोनी पिवळं गवत.

भर बैठकीत, तोंडावर विचारलं होतं मी! तेव्हा का नाही बोललास, म्हाताऱ्या?

तुझ्या शेजारी आदेलिनू बसला होता. तीन पोरांचा बाप. त्याला दोनदा आत पाठवलं होतं, आणि मला कोरं ठेवलं होतं.