पुढची ताडपत्री

शुक्रवार, २४ मे

भोक पडलं, रिंग बसली नाही. दुसरी बसली ती वाकडी. तिसरी ओढून बघितली तर ताडपत्रीच्या तुकड्यासकट हातात आली! आयुष्यभर फिटर म्हणून नोकरी केली आणि देवरूखच्या बाजारातून आणलेली पितळी रिंग मला बसवता येईना. दुकानदार म्हणाला होता, काका, पंच ठेवा नि हातोडी मारा, कुणीही करील. ये म्हणावं, कर!

नम्रता ओट्यावर कोकमं वाळत घालत होती. म्हणाली, रिंगा लावलेली तयार मिळते की विकत. मिळते. पण त्या रिंगा आपल्या ओट्याच्या खांबांसमोर येत नाहीत, हे हिला कोण सांगणार?

रिटायर होऊन गावी आल्यावरचा हा पहिला पावसाळा, ओट्यावर झड येऊ नये म्हणून ही ताडपत्री. परत मुंबईला मुलाच्या, हर्षदच्या बिऱ्हाडी जायचं नाही, हे मी ठरवलंय. म्हणजे आम्ही ठरवलंय. नम्रता नाही म्हणाली नव्हती.

रविवार, २६ मे

चूक सापडली! एकेरी ताडपत्रीत रिंग धरतच नाही. कड दुमडायची, मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घालायचा, मग भोक. आता ओढा काय ओढायची ती! नम्रतालाच ओढायला लावली. तिचा हात सुटला, रिंग जागची हलली नाही. हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मंगळवार, २८ मे

सल्ले, सल्ले! शेजारचा भागोजी — शाळेत माझ्याच बाकावर बसायचा — म्हणतो, खालून बांधू नको, वारा कोंडला की फाडून नेतो. खाली बांबू ओव नि लोंबत सोड. गावचा मानकरी धाकू गावकर म्हणतो, खालीच आवळ, नाहीतर फडफडून जीव खाईल. आणि मोबाइलवरचा एक माणूस रिंगाच लावत नाही — ताडपत्रीत गोटा गुंडाळतो आणि त्याच्या मानेला दोरी बांधतो. कुणाचं खरं धरायचं? डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी तिन्ही केलं. वर रिंगा, कोपऱ्यांना गोटे, खाली बांबू. आणि बांबूसुद्धा बांधून टाकला. भागोजी येऊन बघून गेला.

गुरुवार, ३० मे

नम्रता हर्षदशी फोनवर बोलत होती. मी आत आलो तशी "ठेवते" म्हणाली. काय चाललं होतं विचारलं तर म्हणे पावसाचं. पाऊस कुठाय अजून?

रविवार, २ जून

झालं एकदाचं! पश्चिमेची बाजू सगळेच बांधतात. मी पुढचीही बांधली, या खांबापासून त्या खांबापर्यंत. रिंग अन् रिंग खांबासमोर! आता माझ्या आरामखुर्चीवर थेंब येईल तर शपथ. जायला यायला मागचं दार आहे.

नम्रता अंगणात उभी राहून बराच वेळ बघत होती. कसं दिसतंय विचारलं. म्हणाली, छान बांधलंत. आवाज मात्र कसा तरीच. आता यात वाईट वाटण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

शिडीवरून उतरताना कंबर धरली.

सोमवार, ३ जून

रघू दूध घेऊन आलाच नाही. मला उठवत नाही. काळा चहा.

मंगळवार, ४ जून

आजही दूध नाही. नम्रताला म्हटलं, रघूला फोन लाव. म्हणाली, लागत नाही. भागोजी रोज संध्याकाळी तंबाखू मळायला ओट्यावर येतो, तोही दोन दिवस फिरकला नाही. सल्ला अर्धाच ऐकला म्हणून रुसला की काय? की मी काही बोलून गेलो? आठवून आठवून दमलो. बाहेर पाऊस लागलाय, आत पडून मी छपराकडे बघतोय.

बुधवार, ५ जून

आज गावची राखण. पेरणीआधी देवाला घरटी एक नारळ. धाकू गावकर दारोदार फिरून गोळा करतो. मी नारळ सोलून, शेंडी राखून, पुसून तयार ठेवला होता. धाकूचा आवाज भागोजीच्या अंगणातून ऐकू आला. वाटलं, आता इकडे येईल. आलाच नाही! सरळ वरच्या वाडीला गेला.

मी मुंबईत होतो तेव्हासुद्धा आमच्या घराचा नारळ कधी चुकला नाही, भागोजी आमच्या नावाने द्यायचा. आणि आता मी इथे येऊन बसलोय तर आमचं घर वगळलं? वाळीत टाकलं का? कशापायी? कुणाचा बांध कोरला मी? रडू आलं. इथे लिहायला लाज कसली.

नम्रताला म्हटलं, गावाने आपल्याला टाकलं गं. ती आत गेली आणि घासलेलीच भांडी परत घासत बसली.

शुक्रवार, ७ जून

कंबर जरा बरी. मागच्या दाराने, काठी टेकत भागोजीकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. तो शेतावर. गोदावहिनी मला बघून दारातच थबकल्या.

"भावोजी, तुमी हतंच? आमाला वाटला, गेलाव मुंबयला! पुढनं बांधलाव ना घर!"

हात्तिच्या! गावात पुढची बाजू कोण बांधतं? पावसाळाभर कुलूप लावून जाणारे चाकरमानी. राहता माणूस पुढचा ओटा उघडा ठेवतो, भिजला तर भिजू दे. लहानपणापासून बघितलेलं, आणि मी साफ विसरलो! माझंच घर मी माझ्याच हाताने बंद करून आत बसलो होतो. राखणीचा नारळ भागोजीने दिला होता, आमच्या नावाने, दरवर्षीसारखा. मी त्या माणसाशी भांडायला निघालो होतो! गोदावहिनी आणि मी दोघंही पोट धरून हसलो.

मग त्या म्हणाल्या, "आनी वैनीपन बोलल्या व्हत्या, सोमवारी निघताव म्हनून. रघूला दूद बंद करायला त्यांनीच सांगितलानी."

सोमवारी? आम्ही?

घरी आलो. नम्रता भाकऱ्या थापत होती. नक्की काय विचारायचं, तेच कळेना.

रविवार, ९ जून

विचारलं. म्हणाली, "मला इथे नाही करमत हो. तुम्हांला सांगणारच होते, पण तुम्ही रिंगा ठोकत होतात. रिटायर झाल्यापासून इतकं खूश बघितलं नव्हतं तुम्हांला."

पुढची ताडपत्री काल सोडून ठेवली होती, ती आज परत बांधली. तिने दोरी ओढून धरली, मी गाठी मारल्या. बॅगा पायरीवर होत्या. दोघंही अंगणात, बाहेरच्या बाजूला.