द्रितोनच्या देशाची चौकशी

राजिवडा, रत्नागिरी

आदरणीय सुलेमानमामू यांस भाचा तन्वीर याचा सलाम.

कुवेतच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? इथे सगळे खुशाल. फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंयत, म्हणून हे पत्र.

तुमचा हुकूम होता, जर्मनीत नर्सिंग करता करता तुमच्या लेकीने, अलिझाने पसंत केलेला हा द्रितोन ज्या कोसोवोचा आहे, तो देश आहे तरी कसला, बघून कळव. दोघं आठ दिवसांपासून इथेच आहेत, तेव्हा चौकशी घरबसल्या झाली. (घरबसल्या म्हणजे, मधे मला पाहुण्यासाठी सुरमई आणायला बाजारात पाठवलं आणि मी हर्णेला पोचलो. तिथला लिलाव बघण्यासारखा असतो. परतलो दुसऱ्या दिवशी. असो.)

देश लहान, माणसं बहुतेक अल्बेनियन आणि मुसलमान. राष्ट्रगीताला नुसती चाल, शब्दच नाहीत. साबेरामामी म्हणाली, "बरंय, गप उभं राहायची सवय असलेला एक तरी माणूस घरात येईल."

पाहुण्याचा मान म्हणून मी टेलरकडून त्याचा झेंडा शिवून घेतला. निळा, वर सहा तारे, मधे देशाचा पिवळा नकाशा. (नकाशा जरा तळलेल्या पापलेटासारखा झाला.) द्रितोनने छातीवर हात ठेवून आभार मानले आणि बॅगेतून लाल झेंडा काढला, त्यावर दोन डोक्यांचा काळा गरुड. म्हणाला, निळा सरकारी कचेरीवर, सगळ्या जमातींचा मिळून; लग्नात मात्र हा, वाडवडिलांचा. मामी दचकली, "जावयाला एक तोंड पुरत नाय काय रे?" मी म्हटलं, मामूंच्या पासपोर्टावर भारत आहे, तरी कुवेतमधे कोणी भेटला की पहिलं 'गाव कुठलं?' विचारतातच ना?

आणि दिलेल्या शब्दाला ते बेसा म्हणतात. तो मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नाही. त्याने मामीला बेसा दिलाय, दर आंब्याच्या मोसमात अलिझाला तुमच्या गावी, केळशीला आणेन.

माझं निःपक्षपाती मत: देश चांगला, मुलगा त्याहून.

तुमचा आज्ञाधारक (जमेल तेवढा),
तन्वीर

ता.क. त्यांच्या जुन्या रिवाजात मुलगा स्वतः मागणी घालत नाही, मध्यस्थ घालतो. तो मध्यस्थ मी. तेव्हा वरचं सगळं चौकशी म्हणून नको, मागणी म्हणून वाचा.

पुन्हा ता.क. मामीने होकार दिलाय. आपल्या सरकारने मात्र त्यांच्या देशाला अजून मान्यता दिलेली नाही. द्रितोन म्हणतो, "शंभरेक देशांनी दिली, उरलेल्यांची वाट बघायची आम्हाला सवय आहे." तुमचीही बघतोय. फक्त वीस तारखेच्या आत कळवा, हॉल बुक झालाय.