तीन वाजतील, असे मी सांगितले

बाबा,

आता अकरा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. थोड्या वेळापूर्वी दादाचा माणगावहून फोन आला होता. उद्या आईच्या डोळ्यांची तपासणी महाडला आहे, म्हणून तो सकाळीच मुंबईहून निघाला. दर खेपेला विचारतो तसे त्याने आजही विचारले, "गो, माणगावात चहा घेतोय. सांग बघू, दारात किती वाजता?" माणगाव ते महाड, महाड ते पोलादपूर, तिथून आपल्या वाडीचा चढ आणि महाडला तो आईसाठी पेढे घ्यायला थांबतो ती पंधरा मिनिटे, अशी मनात बेरीज करून मी म्हटले, "एक वाजता." तो हसला. "एक म्हणजे एक. तुझं गणित काय चुकायचं नाय. भात लाव." भात मी लावला, आणि ही वही उघडून बसले. तुम्ही गेल्यापासूनच्या बारा वर्षांत हे वाक्य त्याने कितीदा उच्चारले असेल, आणि प्रत्येक वेळी मी ते निमूटपणे ऐकून घेतले आहे.

वेळेची बेरीज तुम्हीच मला शिकवलीत. पोलादपूरच्या स्टँडवर दिवसभर गाड्यांच्या वेळा पुकारून तुम्ही घरी यायचात आणि खाकी शर्ट खुंटीला अडकवून चुलीपाशी पाट ओढून बसायचात. आई नाचणीची भाकरी थापते आहे, मी पाटी मांडीवर घेऊन बसले आहे. "सहा वाजलेत. पंधरा तासांनी किती?" तुम्ही विचारता. पंधरातून बारा सोडायचे, तीन उरले, सहा आणि तीन नऊ. "नऊ," मी म्हणते. "कसले नऊ? दिसाचे का रातीचे?" "सकाळचे. उद्याचे." "बरं. आणि तवर तू काय करशील?" हा प्रश्न पुस्तकात नसतो, म्हणून मला राग येतो. आई मान खाली घालून हसते. "किती वाजतील ते घड्याळ पण सांगतं गो," तुम्ही म्हणता, "मधल्या तासांचं काय करायचं, ते माणसानं सांगायचं." मग मी जेवण, झोप, पाण्याचा हंडा, शाळेची वाट असे पंधरा तास बोटांवर मोजून देते, आणि तरीही एक तास उरतोच. तो कुठे गेला, ते तुम्ही कधी सांगितले नाहीत.

वाडीत कोणी गेले की माणसे तुमच्याकडे का येत, हे मला मोठी झाल्यावर उमगले. घरटी एकदोघे मुंबईला. त्यांनी शेवटचे तोंड पाहिल्याशिवाय उचलायचे नाही, अशी आपली रीत. आणि स्मशान ओढ्यापलीकडे, म्हणून अंधार पडायच्या आत तर न्यायलाच हवे. मुंबईकर किती वाजता पोचतील यावरच सारे ठरायचे: लाकडे कधी आणायची, पलीकडच्या वाड्यांना कोणी कळवायचे, त्या घरची चूल बंद तर मुलांना कोणाकडे जेवू घालायचे. तुम्ही अंगणात उकिडवे बसून आकडा सांगायचात, आणि माणसे कामाला लागायची. मी बारा वर्षांची असताना एकदा तुमच्याआधीच मोठ्याने "साडेचार" म्हणाले होते. उत्तर बरोबर होते. तरी परतताना तुम्ही बांधावर थांबलात आणि म्हणालात, "आधी इचारायचं. कोण निघालंय, कुठून, संगती लहान पोर हाय का म्हातारं माणूस. आकडा मागाहून." त्या दिवशी मी घरापर्यंत रडत आले. बरोबर उत्तराला कोणी रागावते, हे मला नवीन होते.

तुम्ही गेलात ती पहाट गणपतीच्या तीन दिवस आधीची. मी अकरावीत होते. सहा वाजता चुलतभाऊ टेकावर चढून, रेंज मिळवून दादाला फोन करून आला. साडेसातला गाडी करून निघतो, असा त्याचा निरोप होता. अंगणात सगळे पुरुष जमलेले होते आणि कोणी काही बोलत नव्हते, कारण अशा वेळी जो बोलायचा तोच आत निजला होता. शेवटी थोरल्या तात्यांनी, तुमच्या चुलत्यांनी, दाराकडे पाहिले. मी बायकांच्या मागे उभी होते. "गो, तू सांग. बापाची रीत तुला ठावी."

मी सांगितले. साडेसात, रस्त्याचे सहा तास, वाडीचा अर्धा, आणि तुम्ही नेहमी वर धरायचात तो एक. "तीन वाजतील." इतक्या माणसांपुढे मी त्यापूर्वी कधी बोलले नव्हते. तात्यांनी विचारले, "गणपतीची गर्दी हाय रस्त्याला. ती धरलीस का?"

मी ती धरली नव्हती. दरवर्षी त्या आठवड्यात तुम्ही जादा गाड्यांच्या कामामुळे रात्रीसुद्धा घरी येत नसायचात. या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही चतुर्थीच्या आधी वडखळला आणि माणगावला गाड्या कशा मुंगीसारख्या सरकतात ते ठाऊक असते, आणि मी, स्टँडवरच्या माणसाची मुलगी, तेच विसरले होते. ते मला तात्यांच्या प्रश्नासरशी कळले. पण सगळे माझ्याकडे पाहत होते. शाळेत माझे उत्तर चारचौघांत कधी चुकले नव्हते, आणि ते मागे कसे घ्यायचे हे मला येतच नव्हते. मी म्हणाले, "धरली आहे."

"मग तीन," तात्या म्हणाले. "शिकलेली पोर हाय, चुकायची नाय."

त्यानंतर सारी वाडी माझ्या तीनला बांधली गेली. मी तुमच्या उशाशी बसून लाकडे फोडल्याचा आवाज ऐकत होते. तीन वाजायला जवळजवळ नऊ तास होते, आणि त्यातल्या कोणत्याही क्षणी मी उठून "तात्या, सात वाजतील" असे म्हणू शकले असते. तसे म्हटले असते तर तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठेवले असते. वाडीत तसे पूर्वी दोनदा केलेले मी स्वतः पाहिले होते. मी उठले नाही. तीन वाजले. साडेतीनला चुलतभाऊ पुन्हा टेकावर गेला. दादाचा फोन लागत नव्हता. चारनंतर डोंगरावरून पाऊस उतरताना दिसू लागला आणि रचलेली लाकडे भिजतील, ओढ्याचे पाणी चढेल म्हणून माणसांची चुळबुळ सुरू झाली. "गणितानं तीन म्हटलं होतं, आता अजून किती धरायचं?" कोणीतरी हळूच विचारले, आणि उत्तरासाठी या वेळी माझ्याकडे कोणीच पाहिले नाही. पावणेपाचला तुम्हाला उचलले. अग्नी काकांनी दिला.

दादा पावणेसातला पोचला. अंगणातल्या रिकाम्या जागेकडे पाहत त्याने विचारले, "किती वाजता नेलं?" मी सांगितले. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. "दोन तास," एवढेच तो म्हणाला, आणि पायातले बूटही न काढता ओढ्याच्या दिशेने चालू लागला. पुढे सगळ्यांनी रस्त्याला दोष दिला, आणि दादाही देतो. "रस्त्यानं घात केला" असे तो आजही गाडी माणगावात अडली की म्हणतो, आणि मी शेजारी बसलेली असले तर खिडकीबाहेर पाहते.

या उन्हाळ्यात तात्या गेले. त्यांची लेक बदलापूरला. माणसे माझ्याकडे आली, कारण पंचक्रोशीत शिकलेली म्हणून नाव अजून माझेच आहे. मी आधी विचारले: कोण निघाले आहे, गाडी मिळाली का, नातू तापाने आजारी होता तो बरोबर आहे का. कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तेव्हा मी म्हणाले, "मला सांगता येत नाही. उद्या सकाळपर्यंत ठेवा." एक जण पुटपुटला, "बाप एका दमात सांगायचा, ही नुसती इचारतेच हाय." तरी त्यांनी ठेवले. सकाळी आठला लेक आली, तात्यांच्या पायांवर तिने डोके टेकले आणि कितीतरी वेळ ती उठलीच नाही. बायका तिला उठवायला गेल्या, तर मी त्यांना अडवले. दादाला काय मिळाले नाही, ते मी त्या दिवशी प्रथमच डोळ्यांनी पाहिले. माझे "धरली आहे" ऐकणाऱ्यांपैकी ज्यांना तो प्रश्न सुचला होता, ते एकटे तात्याच होते. आता ही गोष्ट मला पुन्हा विचारील असे कोणी उरलेले नाही. मी न सांगितल्यास ती संपेल, आणि दादा आयुष्यभर एका रस्त्यावर रागावून राहील.

म्हणून आज मी मधल्या तासांची नीट आखणी केली आहे. बारा वाजता आईच्या डोळ्यांत औषध घालायचे. साडेबाराला वरण, मग त्याच्या आंघोळीचे पाणी. एकला तो येईल. येताच सांगू नये. उपाशी माणसाला असले काही सांगायचे नसते. दोनच्या सुमारास जेवणे होतील, आई जरा आडवी होईल, आणि दादा ओटीवर सुपारी कातरत बसेल. तेव्हा सांगायचे. वाक्यही तयार आहे आणि ते छोटे आहे, म्हणजे मध्ये थांबता येणार नाही. तो काय म्हणेल, याचा हिशेब मात्र मला कोणत्याही रीतीने करता येत नाही. कदाचित तो उठून ओढ्याकडे जाईल. गेला तर मी त्याच्या मागून जाईन.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्याशी खोटे बोलू नये म्हणून एक सांगते. ते मी तुमच्यासाठी लिहायला घेतले नव्हते. वर पहिल्या ओळीत आधी 'दादा' असे लिहिले होते. ते खोडून मी तिथे 'बाबा' लिहिले, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.