रणगाड्यावरचे चौघे

नाचणगाव, २ नोव्हेंबर १९५४

चौघेही उभे राहिले! दफेदार, तोफची, बिनतारी यंत्रवाला आणि चालक — आमचा मुलगा श्रीधर. ब्रह्मदेशात रणगाड्यासमोर काढलेला त्यांचा फोटो पुढे ठेवून, फोटोतील बोटभर उंचीस येथे वीतभर, या मापाने माती चढविली. शाळेने हे पुतळे मागितले आहेत. श्रीधर त्या रणगाड्यात जळून गेला, त्यास नऊ वर्षे झाली. त्याचे नाक मी तीन वेळा मोडले, चौथ्यांदा साधले. या तालुक्यात असे नाक दुसरा कोणी मूर्तिकार काढू शकणार नाही, हे मी जबाबदारीने लिहितो.

४ नोव्हेंबर

खाकीत हिरवा किती मिसळावा, येथे काम अडले. फोटोतील बिनतारीवाला वासुदेवराव आंजी गावी असतो. त्याला बोलावणे धाडले. पत्नी अनुसया म्हणाली, "कायले बोलावता त्याले? खाकी तं खाकीच असते." बायकांना रंगातले कळत नाही.

७ नोव्हेंबर

वासुदेवराव आला. स्वतःचा पुतळा पाहून हसला — "काका, माह्यं पोट तेव्हा एवढं नव्हतं." खाकीचे प्रमाण सांगितले. मग चालकाच्या पुतळ्याजवळ बसला.

"काका, श्रीधर मेला नाई. चेहरा जळला त्याचा. जिता आहे."

कुंचला हातातच राहिला.

मृत्यूचे पत्र वासुदेवरावानेच लिहिले होते. श्रीधरने इस्पितळात शपथ घालून लिहवून घेतले! कारण विचारले, तेव्हा खाली पाहत म्हणाला, "तो म्हणे, मूर्तीच्या नाकाचा टवका गेला तरी बाबा घरात ठेवत नाईत. खंडित म्हणून नदीत सोडतात. मले कुठं ठेवतीन?"

त्याला घालवून दिले. पाणीही विचारले नाही.

८ नोव्हेंबर

काही केले नाही.

९ नोव्हेंबर

दर पितृपक्षात मी जिवंत मुलाचे पिंड ठेवले! नऊ वर्षे!

पेन्शनसाठी अर्ज लिहून देतो, असे रूपराव पाटील दोनदा म्हणाले होते. मी उत्तर दिले, मुलाच्या मरणाचा मोबदला आम्ही घेत नसतो. गावाने वाखाणले. एकदा पेन्शनच्या कचेरीची पायरी चढलो असतो, तर मुलगा जिवंत आहे, हे तेथील कारकुनानेच सांगितले असते!

११ नोव्हेंबर

आज अनुसयेस सांगितले. वाटले, कोसळेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"मले ठाऊक आहे," म्हणाली. "तुम्ही देवळीच्या यात्रेले दुकान घेऊन जाता ना, त्या आठ दिवसांत येते तो. दरसाल. तोंडाले दुपट्टा बांधून."

पिंडाचा भात दरवर्षी हिनेच रांधून दिला होता!

तो कोठे निजतो, काय खातो — मला विचारवेना. शेवटी इतकेच बोललो, की यंदा मी यात्रेस जात नाही, घरीच थांबतो.

"मंग तो येणार नाई."

१३ नोव्हेंबर

अनुसयेस विचारून विचारून चालकाचा डावा गाल पुन्हा केला, जळलेला. कान काढून टाकला. पुतळा ओसरीवर, दारासमोर, येणाऱ्यास आधी तोच दिसेल असा ठेवला आहे. दुकानाचे सामान गाडीत भरले. देवळीस निघतो.