गौरवग्रंथातील माझा लेख

लालबाग,
३ जानेवारी २०२४

ती. चिंतामणीमामांस,
दर्शनाचा शि. सा. न. वि. वि.

आमचे मार्गदर्शक हितेंद्र सर मार्चअखेर निवृत्त होत आहेत, म्हणून विभागात गौरवग्रंथ शिजतो आहे. सरांच्या समीक्षाग्रंथावरील लेख माझ्या वाट्याला आला. माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा त्यांच्या हाती. नकार कसा देणार? पण मी एक गाढवपणा केला. लेख लिहिण्यापूर्वी ग्रंथ वाचला.

ग्रंथालयातील प्रतीची तारखांची चिठ्ठी कोरी होती. पाने एकमेकांना चिकटलेली. पट्टीने सोडवावी लागली. आत काय, तर वाक्य एका पानावर निघते, क्रियापद पुढच्या पानावर धापा टाकत येते, आणि तोवर काय सांगायचे होते ते दोघेही विसरलेले असतात.

माझ्याबरोबर संशोधन करणारी मेघना म्हणाली की वाचतेस कशाला बाई, ‘व्यासंगी’, ‘मर्मग्राही’, ‘ऋषितुल्य’ असे घाल आणि जेवायला चल. तिचे लेख असेच छापून येतात. मामा, चारचौघांत माझे तोंड उघडत नाही. कागदावरही खोटेच लिहायचे, तर मी खरे बोलायचे कुठे?

मामींना नमस्कार. माझ्या हट्टासकट माझ्यावर लोभ असू द्यावा.

आपली भाची,
दर्शना


गिरगाव,
९ जानेवारी २०२४

चि. दर्शूस,
अनेक आशीर्वाद.

मोबाइलवर लिहिले नाहीस हे बरे केलेस. तिथे मी फक्त सुप्रभातची फुले पाहतो.

मालन परवा येऊन रडून गेली. म्हणाली, पोर पदवीच्या उंबरठ्यावर आली आणि हिला आत्ताच सत्याचा उमाळा यायचा होता! तुझी आई आहे, तिचे चुकत नाही. पण मीही कॉलेजात शिकवत असताना दोन गौरवग्रंथ संपादित केले आहेत. संपादन म्हणजे कोणाचा फोटो कुठे, ही भांडणे मिटवणे. लेख मीही वाचले नव्हते. तुझाही कोणी वाचणार नाही.

खरे लिहायचे तर नीट लिही. रागात लिहिलेले खरेही कच्चे राहते. एखादे पान चांगले निघाले, तर तेही सांग.

मामी म्हणते, वाळली असशील, जेवायला ये.

तुझा,
चिंतामणीमामा


लालबाग,
१९ मार्च २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

समारंभ दादरला झाला. लेखात मी काहीही लपवले नव्हते. गिरणगावच्या भजनांवरील एकच प्रकरण जिवंत आहे, हेही लिहिले होते. सरांनी व्यासपीठावरून सांगितले की दर्शनाचा लेख वाचून त्यांचे डोळे पाणावले. मग शाल, श्रीफळ, टाळ्या. मेघना कानाशी म्हणाली की उगाच घाम गाळलास. मी शिक्षेची तयारी करून गेले होते. या मंडळींनी तेवढीही दखल घेतली नाही. घरी येऊन जेवले नाही.

काल मात्र पहिल्या वर्षाच्या संघमित्राने मला ग्रंथालयात गाठले. म्हणाली, ताई, तुमचा लेख वाचला. ते पुस्तक खरेच एवढे वाईट आहे का, ते बघायचे आहे. चिठ्ठीवर माझ्या तारखेखाली दुसरी तारीख पडली. सरांचा याहून मोठा गौरव विभागात कोणी केलेला नाही.

आज तिने कँटीनमध्ये मैत्रिणींना माझा लेख मोठ्याने वाचून दाखवला. शेजारच्या टेबलावर सर चहा पीत होते. त्यांनी कप ठेवला, तिच्याकडून गौरवग्रंथ मागून घेतला आणि खोलीत जाऊन दार लावले.

माझी तोंडी परीक्षा गुरुवारी आहे. ती सर्वांना खुली असते. मागच्या रांगेत येऊन बसाल ना? चारचौघांत बोलताना अडखळेनच. पण समोर बसलेल्याने, निदान या वेळी, मला वाचलेले असेल.

निकाल काहीही लागो, आपला लोभ तेवढा राहू द्यावा.

आपली,
दर्शना