टाकी भरून

दि. ९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी आवाज चढवला की तू मध्येच ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. पत्र मध्येच ठेवलंस तरी ते तुझ्या दुकानाच्या गल्ल्यापाशी पडून राहील आणि वहिनी वाचेल. तिला माझा नमस्कार सांग, तिच्यावर माझा राग नाही.

काल आपली बदामी गाडी भर चढावर बंद पडली. आई शेजारी बसलेली, मागे गाड्यांची रांग, आणि जो तो हॉर्नवर हात ठेवून बसलेला. आधी खडखड सुरू झाली, डब्यात खिळे घालून हलवावे तशी. मग दोन-चार गचके, आणि सगळं शांत. मी किल्ली फिरवून फिरवून बॅटरीही उतरवली. शेवटी दोन अनोळखी माणसांनी ढकलून गाडी कडेला लावली. त्यातला एक असल्या जुनाट गाड्या रस्त्यावर आणूच नयेत असं काहीतरी सांगू लागला, पण आईने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात निघालो होतो, दादा. इंजेक्शनची वेळ हुकली आणि आता आठवडाभर जागा नाही म्हणतात. ही इंजेक्शनं वेळच्या वेळी गेली नाहीत तर आईची नजर जाईल, हे डॉक्टरांनी तुलाही सांगितलं आहे आणि मलाही. सकाळपासून ती म्हणते आहे की दाराची चौकट मधेच वाकलेली दिसते.

आता खरं सांग, पेट्रोल कुठून भरलंस? आई आणि बदामी सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे, आणि देणाऱ्याने टाकी काठोकाठ भरून द्यायची, हे आपलं ठरलेलं. तू भरून दिलीस, नाही म्हणत नाही. पण ती गावाबाहेरच्या त्या ओसाड पंपावर भरलीस, जिथे दिवसाकाठी चार गाड्याही फिरकत नाहीत. आई बोलता बोलता बोलून गेली. स्वतः जाळायचं ते दुकानासमोरच्या गजबजलेल्या पंपावरचं, आणि बहिणीला द्यायचं ते तसलं स्वस्तातलं? औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा रोज तपासतोस ना? त्या पंपाच्या टाकीत तळाशी काय साचलंय ते नाही विचारावंसं वाटलं?

उलट टपाली उत्तर दे. लोभ आहे तो राहू दे, रागही आहे तो राहील.

तुझी,
मिरची


दि. १४ जून

चि. मिरचीस,
अ. उ. आ.

लहानपणी तुला हे नाव मी ठेवलं. त्याचा आज पुन्हा अभिमान वाटला.

हो, त्या पंपावर भरलं. पेट्रोल ते पेट्रोल. पण तू मला शिकवावंस म्हणजे कमाल झाली. तुझ्याकडे बदामी सहा महिने ताडपत्रीखाली पडून असते. दवाखान्यापुरती बाहेर काढतेस, आणि तेही इंजिन धड तापायच्या आत परत आणून झाकून ठेवतेस. मी भरून दिलेलं पेट्रोल टाकीतच शिळं होतं, त्याचा चिकट थर कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो, आणि मग दोष माझ्या पंपाचा. चालवत नसशील तर गाडी ठेवतेस कशाला?

आणि तेलाचं काय? गेल्या खेपेला तू गाडी दिलीस तेव्हा इंजिनातलं तेल डांबरासारखं काळं होतं. मोजपट्टी पुसलेलं फडकं तुझ्या वहिनीने थेट कचऱ्यात टाकलं. तुझ्या शिवणकामात दोन टाके उसवलेले दिसले तर तुला जेवण जात नाही, आणि इंजिनाचं तेल तुझ्या डोळ्यांना दिसत नाही. मीही ते बदललं नाही, कारण बदलायची पाळी तुझी होती. एकदा मी बदललं की ते कायमचं माझ्या गळ्यात पडलं असतं.

इंजेक्शनचा एवढा आकांत करू नकोस. मागचं तर माझ्याकडे असतानाच होतं, शेवटच्या आठवड्यात. पण दोन दिवसांनी ती तुझ्याकडेच यायची होती, तिकडे दवाखाना मोठा, म्हणून मी ते पुढे ढकललं. तेव्हा काही आभाळ कोसळलं नाही. एखादा आठवडा इकडे-तिकडे झाल्याने काही होत नाही.

आईला नमस्कार. तुझ्या जिभेला जरा विश्रांती दे.

तुझा,
दादा


दि. १९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मागचं इंजेक्शनही चुकलं होतं? आणि हे तू मला आत्ता सांगतोस, तेही तेलाच्या भांडणात पुरवणी म्हणून? मी एक चुकलं म्हणून रडत होते, दोन चुकली आहेत. तू औषधं विकतोस, दादा. गिऱ्हाईक गोळी चुकवतं तेव्हा त्याला दुकानात उभं करून झापतोस, मी स्वतः पाहिलंय.

मी आईला विचारलं, तू गप्प का बसलीस. ती म्हणाली, तुझ्याकडे यायला दोनच दिवस होते, तुम्ही बघून घ्याल असं तो म्हणाला. एवढं बोलून ती पुन्हा खिडकीशी जाऊन बसली. परवा एकदाचं इंजेक्शन झालं. रिक्षाने नेलं.

गाडी गॅरेजमध्ये आहे. आणि माझ्याकडे बोट दाखवायच्या आधी हे ऐक. मी बदामीची हेळसांड केलेली नाही. गाडी बंद पडायच्या आदल्याच दिवशी मी दुकानातून इंजिन आतून स्वच्छ करणारं महागडं औषध आणून सबंध बाटली टाकीत ओतली होती. तू आजवर एवढं तरी केलंस का? मेकॅनिक म्हणतो इंजिन उघडावं लागेल आणि घरचं कोणीतरी समोर बसावं. मला कुठे वेळ आहे? शाळा उघडल्यात, गणवेशांचे गठ्ठे दाराशी येऊन पडलेत, दोन मुली कामाला आल्या नाहीत. शेवटी आईच जाऊन बसते तिथे, स्टुलावर.

मला हे झेपत नाही. या खेपेला तू लवकर ये आणि दोघींना घेऊन जा. गाडी तुझ्या पेट्रोलने बिघडली, तूच नीट कर.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

मिरची


दि. २३ जून

चि. मिरचीस,
अ. उ. आ.

मुदत संपायच्या आत कोणी परत पाठवायचं नाही, हे तूच ठरवून घेतलं होतंस. तेव्हा तुझी कामं होती म्हणून ते तुला हवं होतं. आता माझी आहेत. दुकानाची रंगरंगोटी चालली आहे, सगळी कपाटं घरात आणून ठेवलीत, आईची खोली औषधांच्या खोक्यांनी भरली आहे. चार महिने तरी काही विषय काढू नकोस. गाडी तुझ्या दारात बंद पडली, तुझ्या दारातच नीट होईल.

कळावे.

दादा


दि. २ जुलै

चि. दोघांस,
अ. उ. आ.

मध्ये कार्बन घालून लिहिते आहे. एक प्रत दादाला, एक मिरचीला, म्हणजे आईने आधी कोणाला कळवलं अशी भांडणं नकोत. ओळी वरखाली झाल्या असतील तर चालवून घ्या.

तुमची पत्रं मला पाठ आहेत. दादाचं उत्तर आलं की मिरची रागाच्या भरात मला मोठ्याने वाचून दाखवते, आणि आपण काय लिहिलं तेही वाचते. पत्रं कोणाबद्दल आहेत हे तिच्या लक्षात येत नाही. शेवटच्या पत्रातला खोक्यांचा मजकूरही तिने मला वाचून दाखवला, आणि वर विचारलं की हा माणूस असा कसा. मी पोळपाटासारखी समोर बसून होते.

इंजिन माझ्यासमोर उघडलं. दोघांचाही हात आहे. ओसाड पंपावरच्या पेट्रोलातून टाकीत गाळ आला, तो दादाचा. तो तळाशी निवांत बसला होता. मिरचीने वरून बाटली ओतली, तिने तळाचा सगळा गाळ सोडवला आणि तो फिल्टरमधून कार्बुरेटरात जाऊन बसला. नवं फिल्टर घालायचं कोणाच्या मनात आलं नाही. तेलाबद्दल मी बोलत नाही, त्या तेलाची मला लाज वाटली. बदामीला महागडं पेट्रोल लागत नाही आणि बाटल्याही लागत नाहीत. साधंच पेट्रोल, पण गर्दीच्या पंपावरचं, ताजं. पंपावर टँकर रिकामा होत असेल तर पुढच्या पंपावर जावं, कारण त्या वेळी तळ ढवळलेला असतो. वेळेवर तेल, आणि आठवड्यातून एकदा इंजिन चांगलं तापेपर्यंत लांब फेरी. तुम्हाला दोघांना मीच गाडी शिकवली. निम्म्या गावाला शिकवली. यातलं एक अक्षर तुम्हाला नवीन नाही.

मग असं का झालं, यावर मी त्या स्टुलावर बसून विचार केला आणि मला भयंकर राग आला. आजही आहे. टाकी भरून द्यायची हा तुमचा नियम, आणि भरणारा जाळणारा नसतो. म्हणून तो मिळेल ते भरतो. आत काय वाजतंय ते पुढचा बघेल. मलाही तुम्ही टाकी भरूनच देता. निघायच्या आदल्या दिवशी केस कापलेले, नखं काढलेली, गोळ्यांचा डबा काठोकाठ, पायात नवी चप्पल. दारात उतरवून घेताना कोणी म्हणू नये की नीट ठेवलं नाही. आणि डोळ्याचं इंजेक्शन दोन दिवसांवर आलं की ते तिकडे गेल्यावर. मी बोलले नाही, कारण मला वाटलं माझी मुलं आहेत, न सांगता ऐकू जाईल. चढावरची खडखड मला आठवडाभर आधीपासून ऐकू येत होती. तुमच्या घरात माझं ऐकायला कोणी थांबत नव्हतं, म्हणून तेही मी सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याचं जे गेलं ते परत येणार नाही. दादा, एखाद्या आठवड्याने काही होत नाही असं तू लिहिलं होतंस, हे त्याचं उत्तर. उजवा टिकेल, तारखा पाळल्या तर.

मी आज मिरचीच्या घरातून निघाले. ती कामावर होती. पळून आले नाही, चहा करून प्यायले, कप धुतला, दाराची किल्ली शेजारी दिली. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, जिला क्लच सोडायला शिकवताना माझा घसा बसला होता. आता तिची स्वतःची गाडी शिकवायची शाळा आहे. शाळेवरच्या खोलीत मी राहणार आहे, भाडं देऊन, आणि सकाळच्या वर्गाला नवशिक्यांना बॉनेट उघडून इंजिन दाखवणार आहे. तेवढ्यापुरता एक डोळा पुरतो. बदामी बरी होऊन इथेच आली आहे, आणि दवाखान्यात मला तीच बाई नेणार आहे.

सहा महिन्यांचा नियम आजपासून बंद. मला कोणी कोणाकडे द्यायचं नाही, कोणी घ्यायचं नाही. भेटायला जरूर या, दोघे एकदम आलात तर भांडण बाहेर ठेवून या. येताना पेट्रोल भरायला जाऊ नका. इथे या, गाडी बाहेर काढा, मला शेजारी बसवा, आणि वाटेत जेवढं जाळाल तेवढंच भरा.

रागावलेली आहे, पण आशीर्वाद नेहमीचेच.

तुमची,
आई

ता. क. उजव्या डोळ्याची पुढची तारीख या पत्रात लिहिलेली नाही. ज्याला हवी असेल त्याने विचारावी.